आर्मेनिया नीट पाहायचा तर: एका दिवसाला एक दरी

आर्मेनियाला जाणाऱ्या बहुतेकांचा कार्यक्रम ठरलेला असतो. राजधानी येरेवानमध्ये एकच हॉटेल घ्यायचं, रोज सकाळी मिनीबसने कुठेतरी जायचं, तीन-चार मठांत अर्धा-अर्धा तास उतरायचं आणि रात्री परत यायचं. चौथ्या दिवशी सगळे मठ सारखेच वाटू लागतात. त्यात मठांचा दोष नाही. हे मठ ज्या कड्यांवर आणि घळींत बांधले, त्या जागेत थोडा वेळ घालवला नाही तर त्यांची भिंत तेवढी दिसते, ते तिथेच का उभे राहिले हे कळत नाही. म्हणून या लेखातला सगळा आराखडा एकाच नियमावर बेतला आहे: एका दिवसाला एक दरी, आणि येरेवानबाहेर निदान तीन ठिकाणी मुक्काम.

देश लहान आहे. क्षेत्रफळ २९,७४३ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पण बहुतेक प्रदेश समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे आणि रस्ते घाटांचे आहेत, त्यामुळे नकाशावरच्या अंतराला भुलू नका. दोनशे चाळीस-पन्नास किलोमीटरला साडेचार तास धरले तर हिशोब बरोबर येतो.

पहिली पायरी: कधी जायचं

मे महिन्याचा उत्तरार्ध ते जून, किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये डोंगर हिरवे असतात आणि रानफुलं असतात. ऑक्टोबरमध्ये द्राक्षं, डाळिंबं आणि स्वच्छ हवा मिळते. मला विचाराल तर ऑक्टोबर, कारण अरारात पर्वत दिसायची शक्यता तेव्हा जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये येरेवानचा पारा चाळिशीला टेकतो आणि अरारातवर धुरकट पडदा बसतो. शाळेच्या सुट्ट्यांमुळे मे महिन्याशिवाय पर्याय नसेल तर दुसऱ्या पंधरवड्यातच जा, कारण त्याआधी उंचावरच्या खिंडींत बर्फ असू शकतो.

दुसरी पायरी: व्हिसा, पैसे, वाहन

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो आणि त्यासाठी ऑनलाइन अर्जाची सोय आहे. नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी आर्मेनियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा, एजंटच्या जुन्या माहितीवर जाऊ नका. मुक्कामाचं आरक्षण, परतीचं तिकीट आणि प्रवासविमा यांच्या छापील प्रती जवळ ठेवा.

चलन द्राम. येरेवानमध्ये कार्ड सगळीकडे चालतं. गावातल्या घरगुती मुक्कामात आणि रस्त्याकडेच्या दुकानांत मात्र रोखच लागते. डॉलर किंवा युरो न्या आणि विमानतळावर थोडेच बदलून बाकीचे शहरात बदला. वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे.

वाहनाचे तीन मार्ग आहेत. मार्शुत्का म्हणजे ठरलेल्या मार्गावरची मिनीबस. ती सर्वांत स्वस्त, पण मठ बहुतेक मुख्य रस्त्यापासून आत असल्याने शेवटचे पाच-दहा किलोमीटर टॅक्सी करावी लागते. दुसरा मार्ग गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवण्याचा: इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात आणि आंतरराष्ट्रीय परवाना सोबत हवा. तिसरा मार्ग चालकासह गाडीचा. तीन-चार जण असाल तर हाच घ्या. आधीच स्पष्ट सांगा की रोज दोनच ठिकाणं करायची आहेत आणि तिथे दोन-अडीच तास थांबायचं आहे. चालक सवयीने सहा ठिकाणांची यादी पुढे करतो, ती प्रेमाने नाकारा. शहरातल्या आणि जवळच्या फेऱ्यांसाठी ‘यांडेक्स’ आणि ‘जीजी’ ही टॅक्सीची अॅप उपयोगी पडतात.

सीमांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पर्यटकाने जमिनीवरून शेजारच्या देशात जायचं तर उत्तरेला जॉर्जिया किंवा दक्षिणेला इराण. तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या बाजूंना जायचं नाही. अझरबैजानच्या सीमेलगतच्या आडवाटांवर भटकू नका, काही भागांत सुरुंगांचा धोका आहे. दक्षिणेतल्या गोरिस शहराहून आणखी खाली कापानकडे जायचं असेल तर जुना रस्ता नकाशावर जवळचा दिसतो, पण तो मध्येच सीमेपलीकडे शिरतो. आता वाहतूक तातेवमार्गे नव्या रस्त्याने होते.

तिसरी पायरी: येरेवानमध्ये पहिले दोन दिवस

येरेवानचं मूळ एरेबुनी किल्ल्यात आहे. उरार्तू या प्राचीन राज्याचा राजा आर्गिश्ती पहिला याने तो इ. स. पूर्व ७८२ मध्ये बांधला. किल्ल्याच्या टेकडीवर तास-दीड तास पुरतो. शहराचा मध्य पायी फिरण्यासारखा आहे. गुलाबी-पिवळसर टफ या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाच्या इमारती, अलेक्झांडर तामान्यानने आखलेलं शहर, आणि कॅस्केड नावाच्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवरून दिसणारा अरारात. रस्तोरस्ती छोट्या दगडी पाणपोया आहेत. पाणी डोंगराचं, थंड आणि पिण्याजोगं असतं. बाटली सोबत ठेवली की विकतचं पाणी लागत नाही.

संग्रहालयं दोनच करा, पण दक्षिणेला जाण्याआधी करा. प्रजासत्ताक चौकातल्या इतिहास संग्रहालयात साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा चामड्याचा बूट आहे. अखंड चामड्याचा, पुढून वादीने ओवलेला, आत गवत भरलेला. तो ज्या गुहेत सापडला ती तुम्हाला दोन दिवसांनी पाहायची आहे.

दुसरं मातेनादारान, हस्तलिखितांचं भांडार. मेस्रोप माश्तोत्स याने इ. स. ४०५ च्या सुमारास आर्मेनियन लिपी घडवली. त्या लिपीतली हजारो हस्तलिखितं इथे जपली आहेत. या लोकांनी राज्यं गमावली, स्थलांतरं केली, पण पोथ्या पाठीवर वाहून नेल्या. त्यांचे व्यापारी सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्ता इथेही वसले होते. मुंबईच्या फोर्टमध्ये त्यांचं चर्च आजही आहे, आणि जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक ‘अझदरार’ १७९४ मध्ये मद्रासला छापलं गेलं. हे माहीत असलं की मातेनादारानमधल्या नकाशांकडे आपण वेगळ्या आपुलकीने पाहतो.

त्सित्सेर्नाकाबेर्दच्या टेकडीवर ऑटोमन साम्राज्यात १९१५ मध्ये झालेल्या आर्मेनियन लोकांच्या नरसंहाराचं स्मारक आहे. तिथे घाईने जाऊ नका. सकाळ त्यासाठीच ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काही मोठं करू नका. एच्मियाद्झिनचं मुख्य चर्च आणि झ्वार्तनोत्सचे सातव्या शतकातले अवशेष शहरालगत आहेत. वेळ उरला तर अर्ध्या दिवसात होतात.

चौथी पायरी: आझात नदीची दरी, गार्नी आणि गेघार्द

येरेवानहून तीसेक किलोमीटर. इथेच पूर्ण दिवस द्या. बहुतेक सहली याला अर्धा दिवस देतात आणि दरीच्या तळाशी उतरतच नाहीत.

क्रम उलटा ठेवा. सकाळी लवकर थेट गेघार्दच्या मठात पोहोचा, गर्दी येण्याआधी. वेरुळ पाहिलेल्या माणसाला गेघार्द पटकन समजतं. मुख्य चर्च १२१५ सालचं, बांधलेलं आहे, पण त्याच्या मागचे कक्ष सरळ कड्यात कोरले आहेत, आणि कैलास लेण्यासारखेच वरून खाली. छताच्या मधोमध गोल झरोका आहे. कोरणाऱ्यांनी तिथून सुरुवात केली आणि दगड काढत खाली उतरत गेले. आत खांब, कमानी, नक्षी सगळं एकसंध पाषाणात.

पहिल्या कोरीव चर्चमध्ये झरा वाहतो. पाणी कातळातून येतं, जमिनीवरच्या पन्हळीतून पुढे जातं, आणि भाविक ओंजळीने घेतात. शेजारचा कक्ष प्रोश घराण्याचं दफनस्थान. त्याच्या भिंतीवर साखळीने बांधलेले दोन सिंह आणि त्यांच्या खाली पंज्यात कोकरू धरलेला गरुड कोरला आहे. हे शिल्प पाहायला डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात, त्याला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं मिनीबसच्या प्रवाशाला मिळत नाहीत.

बाहेरच्या पायऱ्यांनी वर गेलं की अरुंद बोळातून १२८८ सालच्या वरच्या कक्षात शिरता येतं. इथे एक स्वर लावून पाहा. आवाज कितीतरी वेळ घुमत राहतो. कोपऱ्याजवळ जमिनीत एक भोक आहे, त्यातून खालचा कक्ष दिसतो. कधी कधी इथे गायकांचा छोटा चमू धार्मिक गीतं गातो. तसा योग आला तर पुढचा कार्यक्रम बाजूला ठेवा.

दुपारी गार्नी. रोमन-ग्रीक धाटणीचं हे देवालय इ. स. पहिल्या शतकातलं मानतात. १६७९ च्या भूकंपात ते कोसळलं आणि १९६९ ते १९७५ या काळात मूळ दगड गोळा करून पुन्हा उभारलं. जिथे मूळ दगड मिळाला नाही तिथे साधा, बिननक्षीचा दगड बसवला आहे. नवं-जुनं लपवलेलं नाही, हे मला फार आवडतं. मग दरीत उतरा. खाली बेसॉल्टचे षट्कोनी खांब कड्यावरून लटकल्यासारखे दिसतात. तप्त लाव्हा सावकाश निवताना आकसतो आणि असे खांब तयार होतात. गावातून पायी उतरायला तासभर लागतो. चढण नको असेल तर गावातली जीप मिळते.

पाचवी पायरी: दक्षिणेचा रस्ता, पहिला दिवस

आता येरेवानचं हॉटेल सोडा आणि सामान सोबत घ्या. सकाळी सातच्या आत निघालात तर खोर विरापच्या मठात स्वच्छ उजेडात पोहोचाल. संत ग्रेगरी द इल्युमिनेटर यांना इथल्या खोल विहिरीसारख्या कोठडीत तेरा वर्षं डांबलं होतं अशी परंपरा आहे. त्यांच्याच प्रभावाने राजा त्रदात तिसरा याने ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला, परंपरेप्रमाणे इ. स. ३०१ मध्ये. कोठडीत लोखंडी शिडीने उतरता येतं, पण शिडी उभी आहे आणि तोंड अरुंद. गुडघे दुखत असतील तर उतरू नका.

मठामागच्या छोट्या टेकडीवर नक्की चढा. समोर ५,१३७ मीटरचा अरारात, पायथ्याशी सीमेचं कुंपण. आर्मेनियाच्या राजचिन्हावर असलेला हा पर्वत तुर्कस्तानात आहे, आणि तिथे जाणारा रस्ता या बाजूने नाही. इथल्या लोकांना याबद्दल विचाराल तेव्हा थोडं जपून विचारा.

पुढे आरेनी. रस्त्यालगतच्या गुहेत तो बूट २००८ मध्ये सापडला, आणि तिथेच सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची वाइन करण्याची जागाही: द्राक्षं तुडवायचं उथळ कुंड आणि जमिनीत पुरलेले रांजण. गाव आजही द्राक्षांचंच आहे. रस्त्याकडेला प्लास्टिकच्या बाटल्यांतून घरगुती वाइन विकतात. घ्यायचीच असेल तर गावातल्या एखाद्या वाइनरीत चाखून घ्या.

नोरावांक दुपारी चारनंतर. ही वेळ महत्त्वाची आहे, कारण उतरतं ऊन पडलं की दरीचे कडे विटकरी लाल होतात आणि मठाचा दगडही तोच रंग घेतो. १३३९ साली पूर्ण झालेल्या दुमजली चर्चला दर्शनी भिंतीतूनच बाहेर काढलेल्या दोन अरुंद जिन्यांनी वर जाता येतं. पायरी जेमतेम पाऊल मावेल एवढी आणि कठडा नाही. वर चढणं सोपं, उतरताना तोंड भिंतीकडे ठेवा. हे काम मोमिक या शिल्पकाराचं. त्याने कोरलेला खाचकार, म्हणजे क्रूसशिळा, पाहिला की दगडात जाळीकाम इतकं बारीक कसं केलं असेल याचंच नवल वाटत राहतं. रात्री येघेग्नाद्झोरमध्ये राहा.

सहावी पायरी: गोरिस आणि तातेव, दोन रात्री

तातेवचा मठ येरेवानहून एका दिवसात करू नका. जाऊन-येऊन नऊ-दहा तास गाडीत जातात. गोरिसला दोन रात्री काढा. वाटेत सिसियानजवळ झोरात्स कारेरच्या उभ्या शिळा लागतात. काहींना आरपार भोकं आहेत. ती खगोलवेधासाठी की दफनभूमीचा भाग, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पाऊण तास पुरेसा.

गोरिसजवळच्या खंद्झोरेस्क गावात माणसं गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत गुहांत राहत होती. आता दरीवर सुमारे १६० मीटरचा झुलता पूल आहे. पुलापर्यंत बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात आणि तेवढ्याच परत चढाव्या लागतात, तेव्हा पाणी घेऊन जा.

तातेवचा दिवस मोकळा ठेवा. हालिद्झोरहून मठापर्यंतचा रोपवे ५.७ किलोमीटरचा आहे. २०१० मध्ये तो सुरू झाला तेव्हा जगातला सर्वांत लांब, न थांबता ये-जा करणारा रोपवे म्हणून गिनीजमध्ये नोंदला गेला. खाली व्होरोतानची घळ. तिकिटाची वेळ आधी ऑनलाइन घ्या. जोराचा वारा असला किंवा देखभाल चालू असली तर रोपवे बंद असतो, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. बंद असला तरी नागमोडी घाटरस्ता आहेच.

मठाचं मुख्य चर्च ८९५ ते ९०६ या काळातलं. चौदाव्या-पंधराव्या शतकांत इथे विद्यापीठ होतं. अंगणात गावाझान नावाचा अष्टकोनी खांब पाहा. तो बिजागरीसारख्या जोडावर उभा असून हलतो. भूकंपाची सूचना मिळावी म्हणून तो असा केला, असं सांगतात. १९३१ च्या भूकंपात मठ पडला, खांब मात्र टिकला. मठाबाहेर जुना तेलघाणा आहे, तोही पाहा.

आणि मग खरी गंमत: मठाच्या खालून पायवाट घळीत उतरते, ओसाड पडलेल्या मेत्स अनापात या जुन्या आश्रमाकडे. त्याच्याच जवळ नदीवर निसर्गाने तयार झालेला दगडी पूल आहे, ‘सैतानाचा पूल’, आणि तिथे खनिज पाण्याचे कोमट झरे. परतीची चढण दमवते. जायला रोपवे, यायला ठरवून ठेवलेली टॅक्सी पुलापाशी, असं जुळवलंत तर चढण पूर्ण वाचते.

सातवी पायरी: खिंड ओलांडून सेवानला

परत येरेवानला न येता येघेग्नाद्झोरजवळून उत्तरेला वळा. सेलीमची खिंड २,४१० मीटरवर आहे, हिवाळ्यात बर्फाने बंद होते. माथ्याच्या किंचित खाली १३३२ सालची सराई आहे, रेशीममार्गावरच्या काफिल्यांसाठी ओर्बेल्यान घराण्याने बांधलेली. आत अंधार असतो, विजेरी हवी. दोन्ही बाजूंना जनावरांच्या दगडी गव्हाणी अजून आहेत. दारावर बाहेरचा लेख फारसी, आतला आर्मेनियन.

खाली सेवान सरोवर. उंची सुमारे १,९०० मीटर. सोव्हिएत काळात वीज आणि शेतीसाठी इतकं पाणी काढलं की पातळी जवळपास वीस मीटर उतरली आणि सेवानावांक मठाचं बेट द्वीपकल्प झालं. मग आर्पा नदीचं पाणी ४८ किलोमीटरच्या बोगद्याने सरोवरात आणावं लागलं. सेवानावांकवर गर्दी फार असते. हायरावांकचा मठ त्याहून शांत. नोराटुसला मात्र थांबाच: शेकडो खाचकारांची जुनी दफनभूमी, आणि त्यांच्यात बसून लोकरीचे मोजे विणून विकणाऱ्या आजीबाई. मोजे घ्या, दिलिजानच्या रात्री उपयोगी पडतात.

आठवी पायरी: दिलिजान आणि देबेदची घळ

सेवानहून बोगदा ओलांडला की उघडे डोंगर संपतात आणि एकदम घनदाट जंगल लागतं. दिलिजानला एक रात्र. हाघार्त्सिनचा मठ जंगलात आहे, गोशावांकचा गोश गावात. चालायची आवड असेल तर खुणा केलेल्या पायवाटा आहेत.

शेवटची दरी देबेद नदीची. सनाहिन आणि हाघपात हे दहाव्या शतकातले मठ घळीच्या वरच्या पठारांवर आहेत आणि दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत आहेत. सनाहिनला दोन इमारतींमधल्या बोळात वटू जमिनीवर बसून शिकत, असं सांगतात. हाघपातमध्ये १२७३ सालचा, क्रूसावरचा ख्रिस्त कोरलेला दुर्मीळ खाचकार आहे. दोन्हीकडे जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवरून चालणं तिथे चुकीचं मानत नाहीत, तरी पाय जपून टाकावासा वाटतो.

इथून बाग्राताशेनची सीमा जवळ आहे. जॉर्जियाचा व्हिसा आधी काढला असेल तर तिथून त्बिलिसीला जा आणि परतीचं विमान तिथूनच धरा. येरेवानला मागे येण्याचा दिवस वाचतो.

खाणं आणि मठातले रिवाज

शाकाहारी लोकांनी घाबरू नये. झेंग्यालोव हात्स म्हणजे दहा-बारा प्रकारचा पाला बारीक चिरून, पोळीत भरून तव्यावर भाजलेला पदार्थ. मसूरडाळीचं वोस्पापूर आपल्या आमटीच्या जवळ जातं. दही-गव्हाचं स्पास, भाजलेली वांगी-टोमॅटो, चीज आणि पाल्यासकट गुंडाळलेला लवाश, म्हणजे पातळ रोटी, आणि सोबत तान, म्हणजे खारं ताक. ‘आरांत्स मसी’ म्हणजे मांसाशिवाय. हे दोन शब्द पाठ करा, आणि घरगुती मुक्कामात आदल्या दिवशीच सांगून ठेवा. ईस्टरआधीच्या लेंट या उपवासाच्या काळात हॉटेलांतून उपवासाचे पदार्थ मिळतात, त्यांत मांस, दूध, अंडी काहीच नसतं.

चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले असावेत, बायकांनी ओढणी डोक्यावर घ्यावी. बाहेर पडताना लोक वेदीकडे पाठ न करता मागे सरकत येतात, तसंच करावं. मेणबत्ती घेऊन वाळूत उभी करता येते. प्रार्थना चालू असताना कॅमेरा खाली ठेवा.

दिवस कमी असतील तर काय गाळायचं? फक्त चार दिवस असतील तर येरेवान एक, आझातची दरी एक, आणि उरलेले दोन दिवस खोर विराप, नोरावांक असा दक्षिणेचा रस्ता, मध्ये येघेग्नाद्झोरला मुक्काम. तातेव तेव्हा सोडून द्या. सहा दिवस असतील तर गोरिसच्या दोन रात्री जोडा आणि उत्तर सोडा. अरागात्सचा डोंगर, आंबेर्दचा किल्ला आणि १९८८ च्या भूकंपातून सावरलेलं ग्युम्री यांना दहा दिवसांहून जास्त असतील तरच हात घाला.